हात सोलतात, टाचा फुटतात: त्वचेतला गेलेला स्निग्धांश कसा भरून काढायचा

‘खोबरेल लाव, बरं होईल.’ लावणीच्या चिखलात पायांच्या बेचक्या पांढऱ्या पडल्या, कोळंबी सोलून बोटं फुटली, पौषातल्या मतलई वाऱ्याने टाचा तडकल्या किंवा काजूच्या बिया फोडून तळवे सोलले, तरी कोकणात पहिला सल्ला हाच मिळतो. टाचांना त्याचा खरंच उपयोग होतो. कोळंबीवालीच्या बोटांना अर्धामुर्धा. बेचक्यांतल्या चिखल्यांवर तो उलटतो आणि काजूच्या फोडांवर काहीच करत नाही. कातडीचं नेमकं काय बिघडलंय यावर सगळं ठरतं, म्हणून आधी ते समजून घेऊ.

भिंत आणि दरजा

त्वचेचा सगळ्यात वरचा थर म्हणजे शृंगस्तर. अंगावर बहुतेक ठिकाणी तो १० ते २० मायक्रॉन जाडीचा असतो, म्हणजे वहीच्या कागदापेक्षा कितीतरी पातळ. तळहात आणि तळपायांवर तो बराच जाड असतो. म्हणून तिथला थर कोरडा पडला की वाकत नाही, सरळ फुटतो. या थरात मेलेल्या, चपट्या, केराटिनने भरलेल्या पेशींचे पंधरा-वीस पदर एकावर एक रचलेले असतात. जांभ्याच्या भिंतीत चिरे आणि दरजा असतात तशीच ही रचना: पेशी हे चिरे, आणि त्यांच्यामधल्या फटींत भरलेले स्निग्ध पदार्थ ही दरज. सॅन फ्रान्सिस्कोचे त्वचाशास्त्रज्ञ पीटर इलायस यांनी १९८३ साली हे चित्र सविस्तर मांडलं आणि आजही या विषयाचा पाया तोच आहे. अंगातलं पाणी दरजांतून उडतं. साबण, जंतू आणि ॲलर्जी आणणारी प्रथिनंही दरजांतूनच आत शिरतात.

दरजेतला माल तीन प्रकारचा असतो. वजनाने निम्मी सेरामाइडं, साधारण पाव हिस्सा कोलेस्टेरॉल आणि दहा-पंधरा टक्के मुक्त मेदाम्लं. (कोलेस्टेरॉल म्हटल्यावर दचकू नका. हे त्वचेने स्वतः बनवलेलं असतं, आणि मलमातल्या कोलेस्टेरॉलने रक्ताचा रिपोर्ट बिघडत नाही.) खालच्या जिवंत पेशी हा माल बनवतात, बारीक पिशव्यांत भरतात आणि वर येता येता फटींत ओततात. ओतल्यावर काही विकरं (एन्झाइम) त्यावर काम करून पक्की सेरामाइडं तयार करतात. या विकरांना आम्लधर्मी वातावरण लागतं. निरोगी त्वचेचा पीएच साडेचार ते साडेपाच असतो, तो त्यासाठीच उपयोगी पडतो. अंगाच्या नेहमीच्या वडीच्या साबणाचा पीएच मात्र नऊ ते दहा. त्यामुळे सतत साबण लागला की नुकसान दोन बाजूंनी होतं: आहे तो माल धुऊन जातो, आणि नवा माल तयार करणारी विकरं मंदावतात. भांडी घासणाऱ्या हातांना महिनोन् महिने आराम का पडत नाही याचं उत्तर इथे आहे.

झाकणं, मऊ करणं, भरणं

बाजारातलं आणि घरातलं जे काही आपण कातडीला लावतो ते या तीनपैकी एखादं काम करतं. एकाच वस्तूकडून तिन्हींची अपेक्षा ठेवली की निराशा होते.

झाकायचं काम पांढऱ्या पेट्रोलियम जेलीइतकं चांगलं दुसरं काही करत नाही. कातडीतून उडणारं पाणी ती ९८ टक्क्यांपर्यंत अडवू शकते. नेहमीची तेलं यातलं वीस-तीस टक्केच अडवतात. जेली नुसती वर बसते आणि त्वचेला ‘श्वास घेऊ देत नाही’ ही समजूत चुकीची आहे. ती वरच्या दरजांत थोडी मुरते, आणि तिच्याखाली त्वचेची स्वतःची डागडुजी चालूच राहते.

मऊ करायचं काम तेलांचं. सुटलेल्या, उचकटलेल्या कडा ती चिकटवतात, खरखर जाते, हात फिरवला की बरं वाटतं. भिंत दुरुस्त झाली असं मात्र त्यावरून समजू नये.

भरायचं काम त्याच तीन घटकांचं. ते लावल्यावर खालच्या पेशींपर्यंत मुरतात, त्वचेच्या स्वतःच्या मालात मिसळतात आणि त्याच पिशव्यांतून पुन्हा फटींत येतात. याला काही तास लागतात. म्हणून अशा क्रीमने लगेच चकाकी येत नाही आणि लोक दोन दिवसांत ट्यूब बाजूला टाकतात.

इथे एक मुद्दा नवख्यांकडून हमखास सुटतो. १९९० च्या दशकात इलायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ॲसिटोनने कातडीतला स्निग्धांश काढून टाकला आणि मग वेगवेगळी मिश्रणं लावून पाहिली. तिघांपैकी एकच किंवा दोनच घटक लावले तर भरून येणं उलट लांबलं. तिन्ही समप्रमाणात लावले तेव्हा ते नेहमीच्या गतीने झालं. एक घटक तिप्पट घेऊन प्रमाण ३:१:१ केलं तेव्हा गती वाढली. तिप्पट कोणता घ्यायचा हे कातडीवर ठरतं. म्हातारपणी त्वचेत कोलेस्टेरॉल कमी बनतं, म्हणून तिथे ते जास्त असलेलं मिश्रण सरस ठरतं. इसबाच्या कातडीत सेरामाइडांचा तुटवडा असतो, तिथे सेरामाइड जास्त हवं.

ग्लिसरीन आणि युरिया हे स्निग्ध पदार्थ नव्हेत. ती पाणी धरून ठेवणारी द्रव्यं. जोडीला चांगली, पण एकटी ती दरज भरत नाहीत.

घरातली तेलं

खोबरेलात लॉरिक आम्ल निम्म्याच्या आसपास असतं आणि ते स्टॅफ जातीच्या जंतूंना मारक आहे. इसब असलेल्या मुलांना शुद्ध खोबरेल लावून खनिज तेलापेक्षा जास्त फायदा झाल्याचं तपासलेलं आहे. ते लवकर खवटत नाही हाही मोठा गुण. पण त्यात सेरामाइड नाही, कोलेस्टेरॉल नाही आणि लिनोलेइक आम्ल जेमतेम एक-दोन टक्के. तेव्हा खोबरेल म्हणजे मऊ करणारं, थोडंफार झाकणारं तेल. त्याला तेवढंच काम द्यावं.

लिनोलेइक आम्लाचं महत्त्व असं की शरीराला ते बनवता येत नाही आणि सर्वात भक्कम सेरामाइडांत ते जोडलेलं असतं. १९२९ साली जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर यांनी उंदरांचा आहार पूर्ण स्निग्धविरहित केला, तेव्हा त्यांची कातडी खवल्यांची झाली आणि अंगातलं पाणी उडू लागलं. हे आम्ल नेहमीच्या सूर्यफूल आणि करडई तेलात भरपूर असतं. बाटलीवर ‘हाय ओलेइक’ लिहिलेलं असेल तर मात्र ते तेल या कामाचं नाही. ढाक्यातल्या रुग्णालयात अपुऱ्या दिवसांच्या बाळांना सूर्यफुलाचं तेल लावून पाहिलं, त्याचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले: रुग्णालयात होणारा जंतुसंसर्ग ४१ टक्क्यांनी कमी. स्वयंपाकघरातल्या तेलाची एवढी कामगिरी क्वचितच नोंदली गेली आहे.

ऑलिव्ह तेलाचं सध्या बाळांच्या मालिशीसाठी कौतुक चाललंय. त्यात ओलेइक आम्ल सत्तर टक्क्यांच्या घरात असतं आणि ते दरजांची मांडणी विस्कटतं. फुटलेल्या कातडीला आणि तान्ह्या बाळाला ते नको. मोहरीचं तेलही नको. उंडीच्या तेलाची काहींना ॲलर्जी येते, त्यामुळे उघड्या भेगांत ते घालू नये.

कोकमतेल, म्हणजे भिरंडेल किंवा मुठेल, हा खास आपला माल. रातांब्याच्या बियांचं हे तूप निम्म्याहून जास्त स्टिअरिक आम्लाचं असतं. सुमारे चाळीस अंश सेल्सिअसला ते वितळतं, म्हणून कोकणातल्या उन्हाळ्यातही घट्ट राहतं आणि टाचेवर टिकतं. झाकण्याच्या कामात घरगुती वस्तूंमध्ये याच्या तोडीचं दुसरं नाही. लेप कसा करायचा ते पुढे आहे.

पहिली पायरी: धुपणं थांबवा

एका हाताने भरायचं आणि दुसऱ्या हाताने धुऊन टाकायचं असा प्रकार बहुतेक घरांत चालतो. पैसे एकाच गोष्टीवर खर्च करायचे असतील तर क्रीमआधी साबण बदला. साबण नसलेली, ‘सिंडेट’ प्रकारची वडी किंवा साडेपाच पीएचचा लिक्विड क्लेन्झर मेडिकल स्टोअरमध्ये मिळतो. तोही फक्त काखा, जांघा, पावलं आणि मळलेले हात यांनाच लावा. बाकीचे हात-पाय आणि पाठ रोज फेसाने धुवायची गरज नसते. पाणी कोमट हवं. बंबातलं कढत पाणी खाजेला क्षणभर बरं वाटतं आणि स्निग्धांश घेऊन जातं. आंघोळ पाच-दहा मिनिटांत आटपा.

भांड्यांची राख तीव्र अल्कधर्मी असते. राख आणि काथ्या दोन्ही वापरत असाल तर रसायन आणि घासणं असा दुहेरी मार बसतो. डिटर्जंट, फिनेल आणि धुण्याचा सोडा यांचीही तीच गत.

किनाऱ्यालगतच्या विहिरींचं पाणी मचूळ असतं. त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे साबणाला फेस येत नाही, मग आपण जास्त चोळतो, आणि न विरघळलेला साबणाचा थर कातडीवर बसून राहतो. अशा गावांत सिंडेटचा फायदा जास्त दिसतो. पावसाळ्यात शेवटचे दोन तांबे स्वच्छ साठवलेल्या पावसाच्या पाण्याचे घेतले तरी फरक पडतो. पोहून आल्यावरही लगेच गोड्या पाण्याने अंग धुवावं.

मासळी साफ करताना पाणी, मीठ आणि बर्फ यांशिवाय आणखी एक गोष्ट हाताला लागते: माशांच्या आतड्यातली प्रथिनं तोडणारी विकरं. फुटक्या कातडीतून माशांची प्रथिनं आत गेली की पुढे त्यांचीच ॲलर्जी जडू शकते. काम सुरू केल्यावर दहा-वीस मिनिटांत खाज किंवा पुरळ येत असेल तर ही शंका घ्या. आत पातळ सुती मोजा आणि वर नायट्राइल या कृत्रिम रबराचा मोजा, ही जोडी चांगली. आधी जेली किंवा तेल लावून वर साधा रबरी लॅटेक्सचा मोजा घालू नका, स्निग्ध पदार्थाने लॅटेक्स कमकुवत होऊन फाटतं. अर्ध्या तासाने मोजे काढून हात कोरडे करा. घामाने भिजलेला मोजा उघड्या हातापेक्षा वाईट.

काजू, बिबा आणि आंबा एकाच कुळातले. काजूच्या टरफलातलं तेल आणि आंब्याचा चीक कातडी भाजून काढतात. इथे मात्र साबण हवाच: लागल्या लागल्या साबण आणि भरपूर पाणी. फोड आले तर त्यावर तेल, क्रीम काही नको, डॉक्टरांकडे जा. कातडी पुन्हा बंद झाल्यावर मग भरणीचं क्रीम सुरू करा. काम सुरू करण्याआधी हातांना एरंडेल चोळायची रीत चांगली आहे, पण मोज्यांची जागा ती घेऊ शकत नाही.

बाळाला डाळीचं पीठ चोळून लव काढणं आणि दिवाळीला खरखरीत उटण्याने अंग घासणं, ही दोन्ही कामं कोरड्या किंवा इसबाच्या कातडीवर करू नयेत.

क्रीम निवडताना

डबीवर मोठ्या अक्षरांत ‘सेरामाइड’ असतंच. डबी उलटी करून मागची बारीक यादी वाचा. घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, एक टक्क्याखालचे मात्र कोणत्याही क्रमाने लिहिता येतात. सेरामाइडं थोडीच घालतात, त्यामुळे ती यादीत खाली दिसली म्हणून फसवणूक समजू नका. पाहायचं ते असं: सेरामाइड एनपी, एपी, ईओपी यांपैकी एक-दोन तरी, कोलेस्टेरॉल वेगळं लिहिलेलं, आणि लिनोलेइक, स्टिअरिक किंवा पाल्मिटिक यांपैकी एखादं मेदाम्ल. तिन्ही असतील तर ते भरणीचं क्रीम. नुसतं सेरामाइड असेल तर ते चांगलं मॉइश्चरायझर असू शकतं, पण त्यासाठी तिप्पट किंमत मोजू नका.

सुगंध, ‘अरोमा’, लिंबू-संत्र्याचं अर्क-तेल असलेलं काहीही फुटक्या कातडीला लावू नये. लोकरीपासूनचं लॅनोलिनही काहींना सोसत नाही.

एक स्पष्ट सांगायला हवं: महागडं सेरामाइड क्रीम साध्या पेट्रोलियम जेलीपेक्षा दरवेळी सरस ठरतं असं नाही. दिवसा चिकटपणा नको, इसब वारंवार उलटतं, वय झालंय, अशा वेळी त्याचे पैसे वसूल होतात. टाचांच्या भेगांना ते लावणं ही चैन आहे. आणि सेरामाइडची पूड मागवून घरी क्रीम करायच्या भानगडीत पडू नका. सेरामाइडं फार उंच तापमानाला वितळतात आणि थंड होताना खडे धरतात. शिवाय पाणी असलेल्या क्रीममध्ये टिकाऊ द्रव्य नसेल तर आपल्या दमट हवेत काही दिवसांतच बुरशी येते.

नवीन क्रीम आधी कोपराच्या आतल्या बाजूला, रुपयाएवढ्या जागी, दिवसातून दोनदा असं आठवडाभर लावा. लाली किंवा खाज आली नाही तर पुढे चला.

लावायची रीत

१. हात किंवा पाय धुऊन टॉवेलने टिपा, खसाखसा पुसू नका. कातडी ओलसर राहायला हवी, पाणी निथळता कामा नये.

२. तीन मिनिटांच्या आत क्रीम लावा. उशीर झाला तर तो ओलावा उडून जातो आणि क्रीमखाली अडवायला काही उरत नाही.

३. माप असं: तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून काढलेली रेघ म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम. एका हाताच्या पंज्याला, दोन्ही बाजू धरून, एक पेर. एका पावलाला दोन पेरं.

४. ठिपके ठेवा आणि केसांच्या दिशेने, वरून खाली, हलक्या हाताने पसरा. उलट चोळलं तर केसांच्या मुळांशी क्रीम साचून पुटकुळ्या येतात.

५. हातांना दिवसातून तीन-चार वेळा, त्यातही प्रत्येक धुण्यानंतर. रात्री क्रीम मुरल्यावर, पंधरा-वीस मिनिटांनी, भेगांपुरती पेट्रोलियम जेली आणि वर सुती मोजे. आधी जेली आणि मग क्रीम असा उलटा क्रम केला तर क्रीम आत पोचत नाही.

हिशेब करा: दोन्ही पंजांना एका वेळी एक ग्रॅम, दिवसातून चारदा म्हणजे चार ग्रॅम. ३० ग्रॅमची ट्यूब आठवडाभरात संपली पाहिजे. महिनाभर पुरत असेल तर दोष क्रीमचा नाही. म्हणूनच हातांसाठी मोठी डबी घ्यावी, आणि डबीत बोट न घालता स्वच्छ कोरड्या चमच्याने क्रीम काढावं.

तरुण माणसाची एकदाच दुखावलेली कातडी अर्ध्या दिवसात निम्मी आणि तीनेक दिवसांत जवळपास पूर्ण सावरते. म्हाताऱ्या माणसाला यापेक्षा कितीतरी वेळ लागतो. रोजच्या कामाने वर्षभर झिजलेल्या हातांचा हिशेब आणखी वेगळा. शृंगस्तर पूर्ण बदलायला साधारण दोन आठवडे लागतात, म्हणून त्याआधी क्रीमला नापास करू नका आणि चार आठवड्यांआधी पक्का निकाल देऊ नका. आधी घाम किंवा मीठ लागल्यावरची चुणचुण कमी होते, मग खरखर, शेवटी भेगा. भेगा बुजल्या, कातडी नितळ दिसली, तरी आतली दरज पूर्ण भरायला आणखी काही महिने जातात. या काळात दिवसातून दोनदा तरी लावणं चालू ठेवा. बहुतेकांचे हात पुन्हा उलटतात ते याच टप्प्यावर सोडून दिल्यामुळे.

टाचांसाठी कोकमतेलाचा लेप

लागणारं सामान: कोकमतेल २५ ग्रॅम, खोबरेल ५० ग्रॅम. वैशाखात लेप पातळ होतो, तेव्हा दोन्ही ४० ग्रॅम घ्या. घाण्यावरून किंवा घरून आणलेल्या कोकमतेलाच्या वड्यांत बऱ्याचदा बियांचा चोथा आणि पाण्याचा अंश राहतो. त्यामुळे आधी वडी किसून वितळवा आणि फडक्यातून गाळा. खाली पाणी बसलं असेल तर वरचं तूप अलगद ओतून घ्या. पाणी राहिलं की लेप खवटतो, आणि खवट तेल भेगांना चांगलंच झोंबतं.

पातेल्यात पाणी तापवून त्यात स्टीलची वाटी ठेवा. थेट आच नको. कोकमतेल पूर्ण वितळलं की खोबरेल घाला. थेंबभर मिश्रण थंड वाटीवर टाकून पाहा: बोटाने सहज दबलं पाहिजे, पण वाहता कामा नये. घट्ट झालं तर खोबरेल, सैल झालं तर कोकमतेल वाढवा. आता वाटी थंड पाण्यात ठेवून लेप गोठेपर्यंत ढवळत राहा. आपोआप सावकाश थंड होऊ दिलं तर स्टिअरिक आम्लाचे दाणे धरून लेप रवाळ होतो. औषधी गुण त्याने जात नाही, पण भेगेवर खरखरतो. रवाळ झालाच तर पुन्हा वितळवून पटकन थंड करा. कोरड्या, घट्ट झाकणाच्या डबीत भरा आणि ओलं बोट घालू नका.

रात्री पाय दहा मिनिटं कोमट पाण्यात बुडवून टिपा, दोन पेरं लेप चोळा, सुती मोजे घाला. जाड झालेली कड आठवड्यातून एकदा, भिजलेली असताना, वजरीने हलकेच घासा. ब्लेडने कापू नका. भेग उघडी नसेल तर सकाळी दहा टक्के युरियाचं क्रीम, फार जाड टाचेला वीस ते पंचवीस टक्क्यांचं. उघड्या भेगेत युरिया आग करतो. लेप लावून ओल्या लादीवर चालू नका, घसरायला होतं.

मोसम बदलला की

कोरड्या, थंड मुलखासाठी लिहिलेले सल्ले इथे जसेच्या तसे लागू होत नाहीत. तिथे दिवसभर जाड मलम चालतं. इथे चैत्र ते आश्विन हवेतच एवढं पाणी असतं की त्याच मलमाखाली घाम अडकून घामोळं उठतं. तेव्हा उन्हाळ्यात अंगाला पातळ लोशन, दिवसातून दोनदा, आणि जेली किंवा लेप फक्त हात-पायांना, रात्रीपुरता. पंख्याखाली पाच मिनिटं बसून घाम सुकवा आणि मगच लावा.

पाठीवर किंवा छातीवर शिबं असतील, भुवया आणि नाकाच्या कडेला कोंडा असेल, तर तिथे तेल नको. हे एका बुरशीमुळे होतं आणि ती स्निग्धांशावरच जगते.

पावसाळ्यात बेचक्यांतल्या कातडीला पाणी जास्त झालेलं असतं. चिखल्यांवर तेल लावलं की ते पाणी आत कोंडतं आणि बुरशी फोफावते. बेचक्या धुऊन टिपायच्या, पंख्याने वाळवायच्या, मधे कोरड्या फडक्याची पट्टी ठेवायची. बुरशीचं औषध डॉक्टरांना विचारून घ्यायचं. स्निग्ध लेप फक्त टाचेला आणि पावलाच्या कडेला. आणि भिजलेल्या, भेगाळलेल्या पायांनी शेतातल्या पाण्यात उतरणं हा लेप्टोस्पायरोसिसचा सरळ रस्ता आहे. उंदरांच्या मुताने दूषित पाण्यातले जंतू याच भेगांतून आत जातात. कोणतंही तेल किंवा क्रीम त्याला अडवत नाही. गमबूट घाला, रोज ते उलटे करून सुकवा. लावणीच्या दिवसांत ताप, अंगदुखी किंवा लाल डोळे झाले तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा आणि शेतात उतरल्याचं आठवणीने सांगा.

मार्गशीर्ष ते माघ, पहाटे जमिनीकडून मतलई वाहते तेव्हा हवा कोरडी असते. जाड मलमाचे खरे दिवस हेच. खोबरेल पंचवीस अंशांखाली थिजतं, ते तळहातावर चोळून वितळवा, आचेवर ठेवू नका.

कुठे फसतं

सर्वात मोठा घोळ ट्यूबच्या ओळखीचा. मेडिकलमधून ‘खाजेची ट्यूब’ म्हणून मिळणाऱ्या पुष्कळ मलमांत स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि प्रतिजैविक एकत्र असतं. चार दिवस झकास वाटतं. मग स्टिरॉइडमुळे कातडीची स्वतःची स्निग्धांश बनवायची क्षमता घटते, ती पातळ होते आणि नायटा आकार बदलून पसरतो. इसबाच्या भडक्यात डॉक्टरांनी स्टिरॉइड दिलं असेल तर ते सांगितलेले दिवस जरूर लावा, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. स्टिरॉइड आणि भरणीचं क्रीम दोन्ही लावायची असतील तर मधे अर्धा तास जाऊ द्या. स्वतःच्या मनाने मात्र ही ट्यूब घेऊ नका.

क्रीम लावल्यावर मिनिटभर चुरचुरणं फुटक्या कातडीला होतंच. दहा-पंधरा मिनिटांनीही आग होत असेल किंवा लाली पसरत असेल तर धुऊन टाका आणि ते क्रीम बंद करा. केसांच्या मुळाशी पिवळ्या टोकाच्या पुटकुळ्या आल्या तर थर जाड होतोय. मलम आठवडाभर थांबवून पातळ लोशनवर या.

गोल, कडेला उठावदार, मधे बऱ्या होत जाणाऱ्या चट्ट्यावर भरणीचं क्रीम लावून उपयोग नाही, तो बहुधा नायटा असतो. फिकट, बधिर, घाम न येणाऱ्या चट्ट्यावर मॉइश्चरायझर चोळत महिने घालवू नका. त्याची कुष्ठरोगासाठी तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते, औषधंही मोफत मिळतात. मधुमेह असलेल्या माणसाची टाच फुटली तर घरगुती लेपाआधी पाय डॉक्टरांना दाखवा. पू, पिवळी खपली, गरम लागणारी सूज किंवा ताप असेल तर कोणाच्याही बाबतीत तेच.

शेवटची सूचना चुलीपाशी बसणाऱ्यांसाठी. पेट्रोलियम जेली, तेल, लेप हे कपड्यांत मुरतात आणि असं कापड आग लागली तर झपाट्याने पेटतं. एका धुण्यात ते पूर्ण निघतही नाही. रात्रीचे मोजे आणि जुनी ओढणी त्यासाठीच वेगळी ठेवा, ती घालून चूल, शेगडी किंवा बंब पेटवू नका, आणि चिकट झाली की टाकून द्या.